नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरील कार्यक्रम : गाडी कुठे ठेवावी आणि परत कसे यावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण, आपल्या पत्नी, महाविद्यालयात शिकणारी दोन मुले आणि सत्तरीच्या आई असे पाच जण पुण्याहून शनिवारी संध्याकाळी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधील संगीताच्या कार्यक्रमाला जाणार आहात. आईंना गुडघेदुखी आहे, पण मध्ये थांबत थांबत किलोमीटर-दीड किलोमीटर त्या चालू शकतात. गाडी घरचीच न्यायची आहे, आणि पार्किंग स्टेडियमच्या जितके जवळ मिळेल तितके बरे, असे आपल्याला वाटते. त्याच रात्री पुण्याला परतावे का, हेही आपण विचारले आहे.

मोठ्या कार्यक्रमांच्या वाहतूक नियोजनात मी बरीच वर्षे काम केले आहे आणि या स्टेडियमभोवतीचे रस्ते मला चांगले माहीत आहेत. माझा सल्ला असा की गाडी नेरूळपर्यंत आणूच नये. ती खारघर किंवा बेलापूरला ठेवावी, शेवटचा टप्पा लोकलने करावा आणि रात्रीचा मुक्काम गाडी जिथे ठेवली तिथेच करावा. हे उलटे वाटेल, कारण सोबत वयस्क माणूस असताना गाडी दाराशी असावी ही आपली स्वाभाविक इच्छा असते. म्हणून कारणे सविस्तर देतो.

पार्किंगचा विचार करताना बहुतेक जण गाडी आत कशी जाईल एवढेच पाहतात, पण अडचण बाहेर पडताना येते. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी लोक दुपारी तीनपासून सात-आठपर्यंत टप्प्याटप्प्याने येतात आणि ती गर्दी चार-पाच तासांत विभागली जाते. परतताना मात्र शेवटचे गाणे संपल्यावर वीस मिनिटांच्या आत जवळपास सगळे उठतात. या स्टेडियमची क्रिकेटसाठीची आसनक्षमता सुमारे ४५ हजार आहे, आणि संगीताच्या कार्यक्रमात मैदानातही प्रेक्षक उभे असतात. आता एका वाहनतळाचा साधा हिशेब करून पाहा. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला दरवाजाशी पंधरा सेकंद लागतात असे धरले, तर मिनिटाला चार आणि तासाला २४० गाड्या बाहेर पडतील. हजार गाड्यांचा तळ असेल आणि दरवाजा एकच असेल, तर शेवटची गाडी चार तासांनी बाहेर येईल, आणि तेही दरवाजाबाहेरचा रस्ता मोकळा असेल तरच. दोन दरवाजे असले तरी दोन तास लागतीलच. म्हणून वाहनतळाविषयी विचारायचा पहिला प्रश्न हा की त्याला बाहेर पडण्याचे दरवाजे किती आहेत आणि ते कोणत्या रस्त्यावर उघडतात. अंतराची चौकशी त्यानंतर करावी.

नेरूळचा भूगोल लक्षात घेतला की पुढचे सगळे सोपे होते. उत्तरेकडून दक्षिणेकडे जुईनगर, नेरूळ आणि सीवूड्स-दारावे अशी तीन स्थानके एकाच लोहमार्गावर आहेत. या मार्गाच्या पूर्वेला सायन-पनवेल महामार्ग आहे आणि पश्चिमेला पाम बीच रस्ता. स्टेडियम लोहमार्ग आणि महामार्ग यांच्यामधल्या पट्ट्यात, महामार्गाला अगदी लागून आहे. म्हणजे मुंबईकडून वाशीमार्गे आणि पुण्याकडून कळंबोलीमार्गे येणारी सगळी वाहने एकाच महामार्गाच्या एकाच तुकड्यावर, शिरवणे-एलपी चौक ते उरण फाटा या भागात, एकमेकांसमोर येतात. कार्यक्रमाच्या दिवशी वाहतूक पोलीस स्टेडियमलगतचे रस्ते टप्प्याटप्प्याने बंद करतात, एकेरी करतात आणि अवजड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी घालतात. त्याची अधिसूचना आधी प्रसिद्ध होते आणि ती वाचणे अत्यावश्यक आहे, कारण मोबाइलवरील नकाशा आपल्याला अशा रस्त्याने नेऊ शकतो जिथे पोहोचल्यावर लोखंडी अडथळे लावलेले दिसतात.

पुण्याहून येणाऱ्यांचा एक मोठा फायदा असा की द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपल्यावर खारघर आणि बेलापूर ही दोन्ही ठिकाणे नेरूळच्या आधी लागतात. खरी कोंडी उरण फाट्याच्या आसपास सुरू होते, आणि तिथे पोहोचण्यापूर्वीच आपण महामार्ग सोडलेला असतो. खारघरहून लोकलने बेलापूर, सीवूड्स आणि मग नेरूळ, म्हणजे तिसरेच स्थानक. सिडकोने नवी मुंबईतील स्थानके बांधताना त्यांच्याबाहेर वाहनांसाठी ऐसपैस जागा राखली, आणि मुंबईच्या जुन्या स्थानकांत न मिळणारी ही सोय इथे खरोखर उपयोगी पडते. मात्र तिथला फलक स्वतः वाचावा, तळ रात्री किती वाजता बंद होतो ते विचारावे आणि पावतीचा फोटो काढून ठेवावा. आपण मुक्काम करणार असाल तर हाही प्रश्न उरत नाही. वाहनतळ असलेले हॉटेल घ्यावे, दुपारी खोली ताब्यात घेऊन गाडी तिथे ठेवावी आणि स्थानकापर्यंत रिक्षाने जावे.

नेरूळच्या निवासी सेक्टरांतील गल्लीत गाडी लावून चालत जाण्याचा मार्ग अनेकांना सुचतो. तो कृपया टाळावा. कार्यक्रमाच्या रात्री तिथल्या रहिवाशांना स्वतःच्या इमारतीत शिरणे कठीण होते, रुग्णवाहिकेला वाट राहत नाही, आणि गाडी उचलून नेली गेली तर मध्यरात्री ती शोधत फिरावे लागते.

आता लोकलविषयी. बारा डब्यांची एक गाडी साधारण साडेतीन हजार प्रवासी नेऊ शकते आणि गर्दीत त्याहूनही अधिक. वाहनतळाच्या दरवाजातून तासाला २४० मोटारी निघतात, म्हणजे एका मोटारीत चार जण धरले तरी तासाला हजारही माणसे नाहीत. या दोन आकड्यांतले अंतर पाहिले की गर्दी खऱ्या अर्थाने कोण हलवते ते कळते. नेरूळला हार्बर मार्गावरील सीएसएमटी-पनवेल गाड्या थांबतात, ट्रान्स-हार्बर मार्गावरील ठाण्याच्या गाड्या येतात, आणि उरणचा मार्गही इथूनच सुटतो. उरणपर्यंतची वाहतूक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून उलवे-द्रोणागिरीच्या लोकांनाही गाडी आणण्याचे कारण उरलेले नाही.

परतीसाठी एक युक्ती सांगतो, जी पाय मजबूत असलेल्या प्रत्येकाने वापरावी. कार्यक्रम सुटल्यावर जवळपास सगळे नेरूळ स्थानकाकडे वळतात, कारण तेच सर्वांत जवळ आहे. पण ज्यांना पनवेलच्या दिशेने जायचे आहे त्यांनी उत्तरेकडे जुईनगरला चालत जावे. मुंबईहून किंवा ठाण्याहून पनवेलकडे जाणारी गाडी आधी जुईनगरला थांबते आणि मग नेरूळला येते, त्यामुळे नेरूळचा लोंढा आत शिरण्यापूर्वी आपण डब्यात उभे असतो. याच न्यायाने मुंबईकडे जाणाऱ्यांनी दक्षिणेकडे सीवूड्सला चालत जाऊन तिथून गाडी पकडावी. तो पल्ला लांब आहे, पण तरुणांना जड नाही. ठाणेकरांसाठी नेरूळच बरे, कारण ठाण्याच्या काही गाड्या नेरूळहूनच सुटतात आणि त्या फलाटावर रिकाम्याच लागतात.

आपल्या आईंना जुईनगरपर्यंत चालवू नये. त्यांच्यासाठी उपाय निराळा आहे आणि तो मी आग्रहाने सांगतो : शेवटचे गाणे संपल्यावर उठायचे नाही. आयोजक प्रेक्षागार रिकामे करायला लावेपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, जागेवरच बसावे. जिने आणि बाहेर पडण्याचे दरवाजे ही गर्दीतली सर्वांत धोक्याची ठिकाणे असतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसापासून आडोसा घेणाऱ्या लोकांची दाटी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. तिथे कोणी पळत सुटावे असे काही घडलेले नव्हते. अरुंद जिना, पाऊस, आणि वरून व खालून एकाच वेळी येणारी माणसे एवढेच पुरेसे ठरले. म्हणून नेरूळ स्थानकाच्या जिन्यावर दाटी दिसली तर बाहेरच मोकळ्या जागी थांबावे. पोलिसांनी दोरी लावून लोकांना टप्प्याने आत सोडायला सुरुवात केली असेल तर तिथे ढकलाढकली करू नये, कारण तो खोळंबा आपल्या सुरक्षिततेसाठीच असतो. लोकलमध्ये आई आणि आपल्या पत्नी महिलांच्या डब्यात बसणार असतील, तर फलाटावर वेगळे होण्यापूर्वीच कोणत्या स्थानकावर उतरायचे आणि उतरल्यावर कुठे भेटायचे हे सर्वांनी मोठ्याने बोलून पक्के करावे.

जाताना मात्र आईंना फारसे चालावे लागू नये, यासाठी वेळ हेच साधन आहे. दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास नेरूळला उतरलात तर पूर्वेकडून रिक्षा मिळते आणि ती अडथळ्यांपर्यंत बऱ्यापैकी जवळ नेते. साडेपाचनंतर तीच रिक्षा अर्ध्या वाटेवर सोडून देईल. तिकिटावर छापलेले प्रवेशद्वार कोणत्या बाजूला आहे ते आदल्या दिवशी नकाशावर पाहून ठेवावे. एवढ्या मोठ्या स्टेडियमला चुकीच्या बाजूने येऊन वळसा घालणे म्हणजे गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी तिथेच दिवस संपणे. चाकांची खुर्ची आणि जिना नसलेला प्रवेश हवा असेल तर आयोजकांच्या मदत केंद्राला आठवडाभर आधी लेखी कळवावे आणि त्यांचे उत्तर मोबाइलवर जपून ठेवावे. दारावरच्या स्वयंसेवकाला तोंडी सांगण्यापेक्षा ते उत्तर दाखवणे कितीतरी परिणामकारक असते.

ज्यांना अजिबात चालता येत नाही अशा व्यक्ती सोबत असतील तर माझा सल्ला बदलतो. तेव्हा आयोजकांचे अधिकृत, आधी पैसे भरून राखलेले पार्किंगच घ्यावे. दुपारी लवकर पोहोचावे, गाडी तोंड बाहेरच्या बाजूला करून लावावी, आणि कार्यक्रमानंतर तास-दीड तास गाडीतच बसावे लागेल असे धरून पाणी, खाणे व औषधे गाडीत ठेवावीत. तिथे सोय मिळते, वेळ मात्र वाचत नाही. काही कार्यक्रमांत वाहनतळ दूर ठेवून तिथून बस सोडतात. अशी सोय असेल तर परतीच्या बसची रांग नेमकी कुठे लागणार हे जातानाच पाहून ठेवावे, कारण रात्री ती जागा सहसा वेगळी असते.

कार्यक्रम किती वाजता सुटेल यावर सगळी योजना अवलंबून आहे, आणि इथे संगीत आणि क्रिकेट यांत मोठा फरक आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सवलतीचे काही मोजके दिवस वगळले तर हेच बंधन असते, म्हणून खुल्या स्टेडियममधील संगीताचे कार्यक्रम सहसा दहाच्या सुमारास संपतात. कोल्डप्लेचे १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ चे कार्यक्रम याच स्टेडियममध्ये झाले. अशा कार्यक्रमातून दहाला सुटणाऱ्याला पाऊण तास बसून राहूनही पनवेलच्या दिशेची लोकल मिळते. क्रिकेटचे तसे नाही. साडेसातला सुरू होणारा आयपीएलचा सामना अकरा वाजून गेल्यावरच संपतो, आणि पाऊस आला तर कशाचाच भरवसा नसतो. २ नोव्हेंबर २०२५ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना दुपारी तीनला सुरू व्हायचा होता, तो पावसामुळे पाचला सुरू झाला आणि भारताने तो जिंकला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. दिवसाचा सामना आहे म्हणून परतीच्या गाडीची चिंता न केलेल्यांना असा दिवस अडचणीत टाकतो. सामन्याला जाणाऱ्याने नेहमी दोन तासांचा उशीर गृहीत धरूनच परतीचा बेत आखावा.

मुंबईत राहणाऱ्यांची एक चुकीची समजूत इथे दूर करतो. सीएसएमटीहून पनवेलकडे रात्री उशिरापर्यंत गाड्या असतात, म्हणून पनवेलहून मुंबईकडेही तितक्याच उशिरा मिळतील असे मानू नये. दोन्ही दिशांच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा निरनिराळ्या असतात, म्हणून आपल्या दिशेची शेवटची गाडी नेरूळहून किती वाजता आहे ते वेळापत्रकात पाहून कागदावर लिहून ठेवावे. दादर-ठाण्याच्या मुख्य मार्गावर किंवा वांद्रे-अंधेरीकडे जायचे असेल तर कुर्ला किंवा वडाळा रोडला गाडी बदलावी लागते, तेव्हा पुढच्या गाडीचीही वेळ हवी. जादा गाड्यांच्या बातम्या फिरतात, पण रेल्वेने अधिकृतपणे जाहीर केलेली गाडीच खरी मानावी.

कार्यक्रम रविवारी असेल तर मेगाब्लॉक विसरू नये. देखभालीसाठी हार्बर मार्गावर रविवारी साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत कधी कुर्ला-वाशी, कधी पनवेल-वाशी असा तुकडा बंद असतो. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी निघण्याची वेळ नेमकी हीच असते. त्याची घोषणा एक-दोन दिवस आधी होते. रविवारच्या पुणेकरांना आणखी एक अडचण आहे. शनिवारी सकाळी घाटातील गर्दी मुंबईहून लोणावळ्याकडे असते, म्हणजे आपल्या उलट दिशेने. रविवारी दुपारनंतर तीच माणसे मुंबईकडे परततात आणि आपण त्यांच्यातच सापडतो. आपला कार्यक्रम शनिवारी आहे ही चांगली गोष्ट आहे. सकाळी दहाच्या आत पुणे सोडले तर घाटात थांबून, जेवून, दुपारी दीडपर्यंत खारघरला आरामात पोहोचाल.

दक्षिण मुंबईतून मोटारीने येणाऱ्यांना अटल सेतूचा पर्याय आहे. २१.८ किलोमीटरच्या या सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. शिवडीहून निघून उलव्याजवळ उतरता येते आणि तिथून आम्रमार्गाने बेलापूरकडे येता येते, म्हणजे वाशीची खाडी आणि तुर्भ्याची कोंडी टळते. त्यावर दुचाकी व रिक्षांना परवानगी नाही. गाडी तिथूनही सीवूड्स किंवा बेलापूरच्या पुढे नेऊ नये. सीवूड्स स्थानकावरच मोठा मॉल आहे आणि त्याला वाहनतळ आहे, मात्र तो रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो हे आधी विचारावे. वाशीच्या टोलनाक्यावर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, पण म्हणून कार्यक्रमाच्या संध्याकाळी तो मार्ग मोकळा असेल असे नाही.

भाड्याची टॅक्सी बोलावणार असाल तर स्टेडियमच्या दाराशी किंवा महामार्गावर बोलावू नये. चालक तिथे पोहोचू शकत नाही, आणि पोहोचला तरी त्याला थांबू देत नाहीत. नेरूळ स्थानकातून लोहमार्ग ओलांडून पश्चिमेला यावे, आणखी थोडे चालावे आणि मग गाडी मागवावी. चालक पाम बीच रस्त्याने येऊ शकतो आणि महामार्गावरील कोंडीशी त्याचा संबंध येत नाही.

एवढ्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क मंदावते, म्हणून टॅक्सीचे अ‍ॅप, ऑनलाइन पैसे आणि मोबाइलवरील तिकीट या तिन्हींवर एकाच वेळी विसंबू नये. लोकलचे जाण्या-येण्याचे कागदी तिकीट सकाळीच काढावे, पाचशे रुपये सुट्ट्या नोटांत ठेवावेत, कार्यक्रमाच्या तिकिटाचा क्यूआर कोड आधीच उघडून जपून ठेवावा. पिशव्या आणि पॉवर बँक आत नेऊ देत नाहीत असे अनेकदा असते, त्यामुळे निघतानाच मोबाइल पूर्ण चार्ज हवा. मुलांच्या आणि आईंच्या खिशात दोन दूरध्वनी क्रमांक आणि हॉटेलचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी.

शेवटी, त्याच रात्री परतण्याविषयी. मी परतू नका असे सांगेन, आणि कारण केवळ झोपेचे नाही. दिवसभर अडवून ठेवलेली अवजड वाहने बंदीची वेळ संपताच एकदम सुटतात. बंदरातून येणारे कंटेनर आणि तुर्भ्याच्या बाजार समितीकडे जाणारे ट्रक कळंबोली भागात नेमके अशा वेळी असतात, जेव्हा कार्यक्रमातून निघालेल्या मोटारी तिथे पोहोचत असतात. त्यानंतर सकाळपासून जागे असलेल्या चालकाने खंडाळ्याचा घाट त्याच ट्रकांच्या रांगेतून चढायचा. परतणे अगदीच अटळ असेल तर चालक पगारी ठेवावा, त्याने कार्यक्रमाच्या वेळेत खारघरला झोप घेतलेली असावी आणि आपण लोकलने त्याच्याकडे जावे, त्याला नेरूळला बोलावू नये. मुक्काम केलात तर रविवारी सकाळी आठच्या आत निघावे, म्हणजे लोणावळ्याकडे जाणाऱ्या सुट्टीच्या गर्दीच्या पुढे राहाल आणि जेवायच्या वेळेला घरी असाल.